दर शनिवारचा पाठ आणि आपली बैठक

पोथी वाचून रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, असा प्रश्न गटांमधून पुष्कळदा येतो. त्यासाठी आज आम्ही तुम्हाला भंडाऱ्याहून थेट कोकणात नेतो.

अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात मराठी बोलणारा एक ज्यू समाज शेकडो वर्षं राहत आला आहे. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणतात. पूर्वी त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव पाडलं ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, नवगावकर, रोहेकर. त्यांच्यात असं सांगतात की फार काळ त्यांच्याकडे ग्रंथच नव्हता. शनिवारचा विसावा, एक छोटी प्रार्थना आणि काही चालीरीती एवढंच पिढ्यांनी जपलं. पुढे 1796 साली मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर झालं, 1848 साली अलिबागला झालं, आणि ग्रंथवाचनाचा नेम बसला. 1948 नंतर बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. इथे आता थोडी आहेत.

हा नेम कसा, ते ऐका. मोशेचे पाच ग्रंथ, म्हणजे तोरा. त्याचे 54 भाग पाडले आहेत. दर शनिवारी क्रमानं पुढचा भाग वाचायचा. काही आठवड्यांत दोन भाग जोडून घेतात, म्हणजे वर्षात सगळं बसतं. वाचन हातानं लिहिलेल्या गुंडाळीवरून होतं. वाचणारा चुकला तर ऐकणारे तिथल्या तिथे दुरुस्त करतात. सोमवारी आणि गुरुवारीही थोडं वाचतात, कारण जुन्या काळी ते बाजाराचे दिवस होते. खेड्यातली माणसं तशीही गावात यायची, तेव्हाच त्यांच्या कानावर चार ओळी पडाव्यात. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. आपल्याही बैठका बाजाराचा दिवस बघूनच ठरतात ना!

ग्रंथ हिब्रू भाषेत, घरची भाषा मराठी. मग 1880 च्या सुमारास मुंबईत या समाजानं चक्क कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी पदांत, आपल्या कीर्तनाच्या चालीवर. अलीकडे ही पदं जपण्यात बायका पुढे आहेत.

आता मुद्द्याचं. त्या आठवड्याचा भाग कोणी निवडत नाही, तो क्रमानं येतो. त्यामुळे अवघड विषयही आपोआप समोर येतात. एका भागात लिहिलं आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. कर्जापोटी कुणाचं जातं, किंवा जात्याचा वरचा दगडसुद्धा, गहाण ठेवून घेऊ नका, कारण तो त्या घराचा जीव आहे. शेतात पेंडी विसरली तर आणायला परत जाऊ नका, ती विधवेला, अनाथाला, परक्याला राहू द्या. आपल्याकडे सरवा वेचणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता विचार करा, रोवणीची मजुरी दोन महिने थकली आहे, हा विषय बैठकीत कोण काढेल? ज्यांच्या बांधीत रोवणी केली त्यांची सूनही गटात बसलेली असते. नाव घेतलं की भांडण होतं. पण वाचनातच ते वाक्य आलं, तर कोणी कुणाकडे बोट दाखवलेलं नसतं आणि बोलणं मात्र सुरू होतं.

दुसरा भाग साधारण जुलैमध्ये येतो. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप मुलगा न ठेवता वारला. या पाच जणी मोशेपुढे, सगळ्या पंचांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या. निर्णय त्यांच्या बाजूनं झाला. पुढे त्याला अटही लागली की लग्न आपल्याच वंशात करायचं, म्हणजे न्याय झाला, पण पुरता नाही. तरी पाच मुलींची नावं दरवर्षी मोठ्यानं वाचली जातात. आपल्याकडे 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू आणि बौद्ध घरांतल्या मुलीला मुलाएवढा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलं की त्यासाठी 2005 साली बाप जिवंत असायलाच हवा असं नाही. आणि आपण? भाऊ माहेरी बोलावतो, साडी देतो, हक्कसोडपत्र पुढे करतो. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण कागद आधी वाचून घ्या, कुणाकडून तरी वाचवून घ्या.

सगळंच डोळे मिटून घ्यावं असंही नाही. शनिवारच्या विसाव्याच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, परका, सगळे मोजले आहेत. बायको मात्र यादीत नाही! ती ‘तू’ या शब्दात धरलेली आहे, असं जाणकार सांगतात. असेल. आपल्याकडे पोळ्याला बैलाला सुट्टी मिळते, पुरणपोळी करणारीला कुठे मिळते?

आपल्याला तोराच वाचायला हवा असं नाही. विहारांत वर्षावासाचे तीन महिने ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतातच. ग्रामगीतेचे 41 अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर दहा महिन्यांत पुरे होतात. बचत गोळा करण्याआधी पंधरा मिनिटं पुरतात. जिला वाचता येतं तिनं वाचावं, जिला येत नाही तिनं आधी बोलावं, कारण वाचणाऱ्या बाया बोलू लागल्या की बाकीच्या गप्प बसतात. मधला अध्याय नको वाटला म्हणून गाळायचा नाही. नेमका तोच आपल्या कामाचा निघतो.

ज्यू लोकांत वर्षाचा शेवटचा भाग मोशेच्या मृत्यूपाशी संपतो. त्याच दिवशी, त्याच बैठकीत, दुसरी गुंडाळी उघडतात आणि जग कसं निर्माण झालं तिथून पुन्हा सुरुवात करतात.