जाड पाकीट, पातळ कार्ड

पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसलं की लेखकाच्या घरात कुणी काही विचारत नसे. मासिकाला कथा पाठवायची तर सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं डकवलेलं पाकीट जोडायचं, असा शिरस्ता होता. त्याच पाकिटातून कथा घरी आली की समजायचं, 'साभार परत'. स्वीकारली असेल तर नुसतं एक कार्ड यायचं. जाड ते वाईट आणि पातळ ते चांगलं, हा हिशोब गल्लीतल्या पोस्टमनलाही पाठ असायचा.

आता पाकीटही गेलं आणि कार्डही. ई-मेल जाते आणि पुढे काहीच घडत नाही. नव्या लेखकाची पंचाईत इथूनच सुरू होते, कारण संपादक गप्प आहे म्हणजे त्याने नकार दिला की तो विसरला, हे कळायला मार्ग नसतो. बहुतेक वेळा तो विसरलेला असतो. तीन-चार आठवड्यांनी दोन ओळींची आठवण द्यायला काहीच हरकत नाही. एक दिवसाआड फोन करायला मात्र आहे.

लिहिणं, लिहिलेलं छापून येणं आणि त्यावर घर चालणं या तीन निराळ्या गोष्टी आहेत. मराठीत मुक्त लेखन करू पाहणारे अनेक जण पहिली जमली की उरलेल्या दोन आपोआप मागे येतील असं धरून चालतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कंटाळून सोडून देतात. टिकतात ते तिन्हींसाठी वेगवेगळी मेहनत करणारे.

छापून येण्याच्या बाबतीत मराठी लेखक खरं तर नशीबवान. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. कल्पना इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांवरून सुचलेली, पण रुजली ती इथे. (मित्र हे आडनावही उसनं. मूळचे ते आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी मित्र लावलं.) आता दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेकडो अंक बाजारात येतात आणि प्रत्येकाला पानं भरायला मजकूर लागतो. कथा, व्यक्तिचित्रं, प्रवास, दीर्घ रिपोर्ताज, विनोद, अगदी राशिभविष्यसुद्धा. नवख्या माणसाला आत शिरायला एवढा मोठा वार्षिक दरवाजा फार थोड्या भाषांत असेल.

पोटाचं गणित मात्र वेगळं आहे. पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, आवृत्ती हजार प्रतींची आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर लेखकाच्या हातात तीस हजार रुपये पडतात. त्या खपायला तीन वर्षं लागली तर महिन्याला हजार रुपयेही होत नाहीत. शिवाय आता बरेच प्रकाशक हजाराऐवजी पाचशेच प्रती काढतात. मासिकांच्या मानधनाला ठरलेला दर नाही. काही अंक काही हजार देतात, काही शेकड्यात भागवतात आणि काही जण अंकाची भेटप्रत पाठवून समाधान मानतात.

म्हणूनच मराठीतल्या नामवंतांच्या नोकऱ्यांची यादी वाचण्यासारखी आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुशास्त्रज्ञ होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीच्या पुणे केंद्रात, तर जयवंत दळवी मुंबईच्या अमेरिकन माहिती खात्यात. दुसऱ्या टोकाला बाबूराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. निव्वळ पुस्तकांवर जगायचं म्हटलं तर मराठी बाजार कोणत्या वेगाची अपेक्षा धरतो, ते या आकड्यावरून दिसतं. नोकरी करून लिहिणाऱ्याला 'हौशी' म्हणून हिणवण्याची एक खोड आपल्याकडे आहे. वरची नावं पाहता ती सोडलेली बरी.

या दोन टोकांच्या मध्येही एक वाट आहे. ती डॉ. अनिल अवचटांच्या लेखनात दिसते. शिक्षणाने ते डॉक्टर. बिहारच्या दुष्काळी भागात फिरून आले, त्यावर लिहिलं आणि १९६९ मध्ये 'पूर्णिया' हे पुस्तक झालं. पुढे हमाल, विडी कामगार, विणकर अशा माणसांत जाऊन बसायचं, पुन्हा पुन्हा जायचं, आधी लेख छापायचे आणि मग त्यांचं पुस्तक करायचं, ही त्यांची रीत ठरून गेली. मुक्त लेखकाने यातून उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे एकाच अभ्यासाचे अनेक उपयोग. एका विषयासाठी घातलेले चार महिने एकाच लेखावर संपवले तर ते कधीच परवडत नाहीत. त्यातूनच दिवाळी अंकाचा दीर्घ लेख, पुरवणीतलं छोटं सदर, आकाशवाणीवरचं भाषण आणि शेवटी पुस्तकातलं प्रकरण निघालं, तर हिशोब जमू लागतो.

विषय संपादकाला सुचवायचा कसा, हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. "मला पाणीटंचाईवर लिहायला आवडेल" असं पत्र आलं तर संपादक काय करील? काहीच नाही. पाणीटंचाई हा विषयच नव्हे. तो विषयांचा डोंगर आहे. आता हेच पत्र असं आलं असं समजा: माण तालुक्यात दुष्काळात चारा छावणी उघडली की जनावरांबरोबर घरातली बाई तिथे मुक्कामाला येते. ती स्वयंपाक कुठे करते, पोरांच्या शाळेचं काय होतं, रात्री उशाला काय घेते, गावाकडचं घर कोण सांभाळतं. अशा तीन बायकांशी बोलणं झालं आहे, दोन हजार शब्दांत लिहीन, फोटो माझ्याकडे आहेत, महिनाभरात देईन. हे पत्र वाचताना संपादकाला अंकातलं पान डोळ्यांपुढे दिसू लागतं. लेखक कोण, त्याला पुरस्कार कोणते, हे तो नंतर पाहतो. बरेचदा पाहतही नाही.

पत्र पाठवण्याआधी त्या मासिकाचे मागचे तीन-चार अंक वाचायला हवेत, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. 'किशोर' हे बालभारतीचं मुलांचं मासिक आहे आणि 'साधना' हे साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं विचारांचं साप्ताहिक. दोघांना एकच लेख, एकच नमस्कार आणि एकाच ई-मेलमध्ये चाळीस संपादकांचे पत्ते, असा प्रकार आजही सर्रास चालतो. ज्याला ती ई-मेल मिळते त्याला उरलेले एकोणचाळीस पत्ते दिसत असतात.

मजकूर कसा पोहोचतो, हा एरवी किरकोळ वाटणारा भाग. संगणकावर मराठी आली ती खाजगी फॉन्टांतून. छपाईच्या जगात श्रीलिपीसारख्या प्रणालींचा मुक्काम अजून हललेला नाही. लेखक मात्र आता युनिकोडमध्ये लिहितो, तेही मोबाइलवर. एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरं मोडतात आणि सगळ्यात आधी बळी जातो तो 'र'. सह्याद्रीच्या दऱ्यांवर लिहिलेला लेख छापून येतो तेव्हा त्यात 'दर्या' असतो, डोंगरात समुद्र. प्रूफं मागून घेतली आणि एकदा नीट वाचली तर ही फजिती टळते. प्रूफं पाहणारा लेखक संपादकांना आवडतो, कारण असे लेखक कमी असतात. प्रूफं हातात आल्यावर नवे तीन परिच्छेद घालणारा त्यांना मुळीच आवडत नाही. शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे नियम सगळे मिळून अठरा. तेवढे पाठ करायला एक रविवार पुरतो.

संपादकाने खुणा करून परत पाठवलेला लेख नव्या लेखकाला अपमान वाटतो. 'सत्यकथा'चे संपादक श्री. पु. भागवत लेखकांना सविस्तर पत्रं लिहून बदल सुचवत आणि कथा पुन्हा लिहून घेत. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. तसा वेळ देणारे संपादक आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एखादा भेटला, त्याने समासात प्रश्न लिहून पाठवले, तर भांडण्याआधी दोन दिवस थांबावं. तिसऱ्या दिवशी निम्मे प्रश्न पटलेले असतात.

महिन्याचा किराणा भरायचा तर नावाशिवायची कामं करावी लागतात आणि त्यात कमीपणा काही नाही. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, माहितीपटांच्या संहिता, जाहिरातीचा मजकूर, मालिकांचे संवाद यांचे पैसे मासिकांपेक्षा बरे आणि वेळेवर मिळतात. २०१७ मध्ये श्राव्य पुस्तकांचं स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा सुरुवातीपासून त्यात मराठी होती. कानासाठी लिहिणं हा त्यामुळे आणखी एक धंदा झाला. वाक्य लांबलं की वाचणाऱ्याचा दम कुठे तुटतो, हे तिथे लवकर कळतं.

अनुवाद हा यातला सर्वांत भरवशाचा उद्योग, आणि एका घरातली त्याची पद्धत सांगण्याजोगी आहे. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी मूळ पुस्तक वाचून भाषांतर करत नसत. पती विरूपाक्ष कन्नड मजकूर मोठ्याने वाचून टेप करत. ती टेप पुढेमागे करत, ऐकत उमाताई मराठी लिहीत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुसरी एक भाषा घरात, शेजारात, सासरी-माहेरी असणं ही महाराष्ट्राच्या सीमाभागातल्या कितीतरी माणसांची सहज गोष्ट आहे. कन्नड, तेलुगू, गुजराती, कोकणी कानावर पडत वाढलेल्यांनी ही शिदोरी बांधून ठेवलेली असते आणि उघडायची राहून जाते.

आता कागदपत्रं. इथे लेखक सर्वांत जास्त नाडला जातो, तोही आपल्याच संकोचामुळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुक्त लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. फोनवरच्या "बरं, चालेल" ने तो जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं छापलेलं असेल आणि खाली सही असेल, तर त्या पाच वर्षांचा आधार उरत नाही. म्हणून सही करण्याआधी अनुवाद, ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट ही चार नावं करारात कुठे आहेत ते बोट ठेवून वाचावं. कथा दिली असेल एका अंकापुरती, आणि दहा वर्षांनी तिच्यावर कोणी मालिका काढायला निघालं, तर तो एक कागदच कामाला येतो.

मानधनाची रक्कम वर्षाच्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की देणारा दहा टक्के कर कापून घेतो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. कितीतरी लेखक ते पैसे बुडाले असं समजून गप्प बसतात.

पहिलं पुस्तक काढायची घाई झालेल्यांना गाठणारे प्रकाशकही आहेत. लेखकाकडून पैसे घेतात, प्रती त्याच्याच घरी आणून टाकतात आणि त्या पलंगाखाली वर्षानुवर्षं राहतात. असा सौदा उघड डोळ्यांनी केला तर गैर नाही. किती प्रती, कोण विकणार, उरलेल्यांचं काय, हे आधी लिहून घ्यावं एवढंच. आयएसबीएन मिळवून देण्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्यापासून मात्र सावध. तो क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखकालाही स्वतःच्या नावाने. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पन्नास हजारांचा, पण वय पस्तिशीच्या आत हवं.

आणि दिवाळी अंकात लिहायचं असेल तर कॅलेंडर उलटं वाचावं लागतं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंक छापखान्यात जातो सप्टेंबरात, मजकुराची मुदत संपते जुलै-ऑगस्टमध्ये आणि विषय ठरतात उन्हाळ्यात. गणपतीच्या आरतीनंतर आठवण होऊन पाठवलेला लेख पुढच्या वर्षीच्या ढिगाऱ्यात जातो. संपादकाला पत्र आंबे बाजारात असतानाच जायला हवं.