ग्यूस्ट्रो येथील अंतराळस्थ मूर्ति व तिच्या तीन प्रती

हस्तलिखितांच्या शोधांत ज्यांचे दिवस गेले त्यांस हा पेंच नवा नाहीं. मूळ पोथी नष्ट झालेली. तिची भावंड-प्रत परगांवीं सांपडते. आणि त्या प्रतीवरून उतरविलेली तिसरी पोथी मूळ गांवच्या देवळांत पूजेंत असते. मग प्रमाण कोणती मानावी? जर्मनींतील कांशाच्या एका ओतीव मूर्तीविषयीं हाच प्रश्न उद्भवतो, म्हणून तिची हकीकत येथें मांडतों.

मूर्तिकार एर्न्स्ट बार्लाख (१८७०-१९३८) हा उत्तर जर्मनींतला. तो नाटककारही होता. १९०६ सालीं तो रशियांत गेला व तेथील शेतकरी आणि भिकारी पाहून त्याची शैली पालटली. जाड वस्त्रांत सबंध देह एका पिंडासारखा बांधावयाचा, अवयवांचा तपशील गाळावयाचा आणि आंतला भाव तेवढा उरूं द्यावयाचा, ही त्याची रीत. या संप्रदायास अभिव्यक्तिवाद म्हणतात. १९१४ सालीं युद्ध पेटलें तेव्हां तोही आवेशानें भारला होता. तरवार उगारून पुढें झेपावणारा 'सूड घेणारा' त्यानें त्याच वर्षीं घडविला. पुढें स्वतः कांहीं काळ सैन्यांत राहिल्यावर तो आवेश ओसरला.

तो १९१० पासून ग्यूस्ट्रो या लहानशा गांवीं राहत असे. तेथील मुख्य ख्रिस्तमंदिराच्या सातशेंव्या वर्षाच्या निमित्तानें, युद्धांत पडलेल्यांचें स्मारक म्हणून त्यानें १९२७ सालीं ही मूर्ति दिली. सुमारें सात फूट लांबीची मानवाकृति छतापासून आडवी टांगलेली आहे. हात उरावर एकमेकांवर ठेविलेले, ओंठ मिटलेले, डोळेही मिटलेले. पूर्वींचा 'सूड घेणारा' असाच आडवा झेपावतो. पण येथें तरवार नाहीं, वेग नाहीं, विजयाचें चिन्ह तर नाहींच. मुख केटे कोल्विट्झ या चित्रकर्त्रीच्या मुखासारखें दिसतें. तें आपण योजिलें नव्हतें, आपोआप उतरलें, असें बार्लाख सांगे. या बाईंचा धाकटा मुलगा १९१४ सालींच बेल्जममध्यें पडला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या मिटल्या डोळ्यांविषयीं अधिक लिहिण्याचें कारण उरत नाहीं.

नाझी राजवटीस असलें स्मारक रुचणें शक्य नव्हतें. २३ ऑगस्ट १९३७ रोजीं मूर्ति उतरविली गेली व पुढें युद्धसाहित्याच्या कामीं वितळविण्यांत आली. सार्वजनिक संग्रहांतील बार्लाखच्या जवळजवळ चारशें कृति जप्त झाल्या. दुसऱ्याच वर्षीं तो वारला.

परंतु ओतकामाचा जो मूलादर्श, म्हणजे जिप्सम-प्लास्टरचा नमुना, तो वांचला होता. मित्रांनीं त्यावरून गुप्तपणें दुसरी मूर्ति ओतविली व ल्यूनेबुर्गच्या माळरानांतील एका खेड्यांत लपविली. १९५२ सालीं ती कोलोन येथील आंतोनीटर मंदिरांत टांगली गेली. तिच्यावरून सांचा घेऊन तिसरी ओतली, आणि तीच १९५३ सालीं, त्या वेळच्या पूर्व जर्मनींत गेलेल्या ग्यूस्ट्रोस, परत पोहोंचली.

वंशवृक्ष मांडला तर निर्णय सोपा वाटतो. वितळलेली व कोलोनची या एकाच मातृकेच्या सख्ख्या बहिणी. ग्यूस्ट्रोची एक पिढी खालीं. शिवाय धातु थिजतांना आकसतो, म्हणून प्रतीवरून काढलेली प्रत किंचित् लहान होते. असें असतां प्रमाण कोलोनचीच, असें कोणीही पाठचिकित्सक म्हणेल. आम्हीही कालपर्यंत तसेंच म्हणत होतों. पण कोलोनला मूर्तीखालच्या शिळेवर दुसऱ्या महायुद्धाचीं वर्षेंही आहेत. पोथीच्या भाषेंत तो प्रक्षेप होय. सयुक्तिक, पण कर्त्याचा नव्हे. उलट बार्लाखनें मूर्ति घडविली ती ग्यूस्ट्रोच्या त्या जागेसाठीं. पोथी कोणत्याही कपाटांत वाचतां येते, टांगलेल्या मूर्तीचें तसें नाहीं. तेव्हां घाटाकरितां कोलोनची प्रत पाहावी व अर्थाकरितां ग्यूस्ट्रोची, असें आमचें मत झालें आहे.

२०१४ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमनें जर्मनीच्या इतिहासाचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां मागवून घेतली ती ग्यूस्ट्रोचीच.