बिल का रखडले? संगणकातल्या पाळीपत्रकाची गोष्ट



गेल्या पंधरवड्याचे ऊसबिल दोन दिवस उशिरा का निघाले, असे बरेच जण विचारतात. त्याचा हा खुलासा.

मुख्य संगणक बिघडल्याने त्यावर ‘एसक्यूएल सर्व्हर’ नव्याने बसवावा लागला. काट्यावरची वजने व आपली खाती नकलेवरून परत आली. किलोचाही फरक नाही. पण रोज रात्री आपोआप होणारी कामे, म्हणजे वजनांची बेरीज, बिलाची यादी, नवी नक्कल, बंदच राहिली. या कामांचे वेळापत्रक खात्यांबरोबर नसते. ते ‘एमएसडीबी’ या वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. पाणी आले, पण पाळीपत्रक हरवले, असे झाले!

सुदैवाने त्याचीही नक्कल होती. ती चढवताना दोन पथ्ये असतात. सर्व्हरची आवृत्ती नकलेच्या वेळचीच हवी, आणि कामे चालवणारा ‘एजंट’ आधी थांबवावा लागतो. तसे करून एजंट पुन्हा सुरू केला व एकेक काम हाताने चालवून पाहिले. नक्कल नसती, तर सारे आठवून नव्याने मांडावे लागले असते.

यापुढे दोन्ही नकला रोज काढून दुसऱ्या इमारतीत ठेवू. आपणही काट्याची पावती जपावी व बिलाशी ताडून पाहावी, ही विनंती.