राखेचा बुधवार

आमच्या कोंकणांत राखेला कोणी हलकें मानीत नाहीं. होळीच्या दुसऱ्या दिवशीं तिची राख कपाळाला लागते, शिवरात्रीस भस्माचे पट्टे ओढले जातात, आणि आमच्या लहानपणीं मूल झोपेंत दचकूं लागलें कीं आजी देवापुढचा अंगारा लावून मोकळी होई. तरी याच सुमारास आणखी एका समाजाच्या कपाळावर राखेची खूण उमटते, तिकडे आपल्या घरांतून फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. ख्रिस्ती लोकांचा, विशेषतः त्यांतील कॅथलिक पंथीयांचा, उपवासकाळ राखेच्या बुधवारीं सुरू होतो. रत्नागिरींत ही मंडळी थोडी. वसईस किंवा गोव्यांत गेलें म्हणजे या दिवसांचें गांभीर्य डोळ्यांत भरतें.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारीं मंत्रपूर्वक वाटलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. धर्मगुरु तिनें भाविकाच्या कपाळावर क्रूस रेखतो, आणि तूं मातीचा आहेस, मातीसच मिळणार आहेस, अशा अर्थाचे शब्द उच्चारतो. त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजूं गेल्यास 46 दिवस भरतात. परंतु रविवार हा आनंदाचा वार असल्यामुळें 6 रविवार वगळून 40 उरतात. ख्रिस्तानें अरण्यांत 40 दिवस उपवास केला, त्याचें हें स्मरण. सणाचा रविवारहि चंद्र पाहूनच ठरतो. 21 मार्चला किंवा तिच्यानंतर जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार तो सणाचा. म्हणून त्यांची ती पौर्णिमा कधीं आमची होळीची असते, तर कधीं चैत्रांतली.

या काळांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य, पण मासळी चालते. हें आम्ही आमच्या एका सारस्वत स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "असला उपवास आम्ही बाराहि महिने करूं!" आम्ही हंसलों खरे, पण फार हंसण्याची सोय नव्हती. त्या दिवशीं एकादशी होती, आणि घरीं साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ व रताळ्याचा कीस यांनीं भरलेलें पान आमची वाट पाहत होतें.

उपवास हें मात्र या व्रताचें बाहेरचें अंग होय. राखेच्या बुधवारीं मंदिरांत योएल संदेष्ट्याच्या ग्रंथांतील जो भाग वाचतात, त्याचा आशय असा कीं, दुःख दाखविण्यास वस्त्रें काय फाडतां, अंतःकरण फाडा. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत पश्चात्तापाला 'मेटानोइया' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ मन पालटणें असा आहे. आम्हांस हें वाचून परकें वाटलें नाहीं. आपल्या स्मृतिकारांनीं 'प्रायश्चित्त' या शब्दाची फोड करतांना 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय असें सांगितलें आहे. मनूच्या अकराव्या अध्यायांत पापमुक्तीचे उपाय दिले आहेत त्यांचा क्रमहि पाहण्यासारखा आहे. प्रथम ख्यापन, म्हणजे आपण केलेलें पाप बोलून दाखविणें, मग अनुताप, मग तप आणि अध्ययन. दानाचें नांव सर्वांच्या शेवटीं, आणि तेंहि आपत्कालीं. पुढें लगेच म्हटलें आहे कीं, पुन्हा असें करणार नाहीं असा निश्चय करून जो निवृत्त होतो, तो शुद्ध होतो. आपल्या व्यवहारांत मात्र क्रम उलटा झाला. दान, दक्षिणा व पंचगव्य पुढें आलें आणि ख्यापन कोठें गेलें याचा पत्ता नाहीं.

1890 च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें शहरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, आणि आमच्याच रत्नागिरींत जन्मलेले लोकमान्य टिळकहि होते. त्या चहावरून ग्रामण्य उठलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं 1892 सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. चहा घेण्यांत पाप घडलें असें त्यांच्या मनास वाटत नव्हतें. स्नेह्यांच्या घरांतील अडचणी दूर व्हाव्यात एवढ्यासाठीं त्यांनीं मान तुकविली. त्यांच्या त्या सौजन्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु अनुतापावांचून घडलेला तो विधि, त्यास प्रायश्चित्त म्हणावें कीं दंड?

याच्या उलट उदाहरणहि आमच्याच जिल्ह्याशीं जोडलेलें आहे. करजगांवचे नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर कित्येक वर्षें आपलें सोंवळें कसोशीनें सांभाळून होत्या. पुढें त्यांच्या मनांत प्रश्न उभा राहिला कीं, हे जातींचे भेद देवानें केले कीं माणसानें? ते माणसाचेच, असा निर्णय झाला, आणि ज्यांच्या हातचें पाणी त्यांनीं जन्मभर वर्ज्य मानिलें होतें त्यांच्या हातचें त्या घेऊं लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. मन पालटलें तें त्याच्या आधींच. हें सर्व त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत स्वतःस जराहि न सांवरतां सांगितलें आहे. ख्यापन म्हणतात तें हेंच. कॅथलिक पंथांत तर वर्षांतून एकदां तरी पाप बोलून दाखविण्याचा नियम 1215 सालापासून आहे.

आम्ही हें सर्व पुस्तकांतून जाणत होतों. जाणणें निराळें. निवृत्तीनंतर मुलाकडे वसईस राहिलों असतां एका बुधवारीं सकाळीं फिरावयास निघालों, तों समोरच्या मंदिरांतून माणसें बाहेर पडत होतीं; म्हातारीकोतारीं, कचेरीस निघालेले तरुण, दप्तर पाठीला लावलेलीं मुलें, आणि प्रत्येकाच्या कपाळावर तो काळा डाग. आम्ही रस्त्यांतच थबकलों. सुमारें 30 वर्षांपूर्वींचा आमचा आठवीचा वर्ग डोळ्यांपुढें आला. एक मुलगा अशीच राख लावून आला होता. "कपाळाला काय फांसून आलास? जा, धुऊन ये," असें आम्ही म्हटलें होतें. तो "गुरुजी" एवढेंच म्हणाला. आम्ही नळाकडे बोट दाखविलें. तो गेला आणि ओल्या कपाळानें येऊन मागच्या बांकावर बसला. पुढच्या बांकांवर त्या दिवशीं गंध लावलेले चार-पांच मुलगे तरी असतील. त्यांना आम्ही कांहीं म्हटलें नाहीं. म्हणावें असें मनांतहि आलें नाहीं.

यंदा रत्नागिरीस परतल्यावर त्याचें घर शोधून काढलें. तो जहाजावर नोकरीस आहे. घरीं त्याची वृद्ध आई होती. आम्ही जें सांगण्यास गेलों होतों तें सांगितलें. आमची कल्पना अशी कीं, हें तिला ठाऊक असणार, आणि आपण केवळ क्षमा मागावयाची. पण मुलानें घरीं कधीं अवाक्षरहि काढलें नव्हतें. म्हणजे 30 वर्षें त्यानें जें झांकून ठेविलें तें आम्ही एका क्षणांत त्या माउलीच्या पुढ्यांत टाकलें! ती बराच वेळ हातांतल्या फडक्याची घडी घालीत बसली. मग उठून आंत गेली आणि चहा घेऊन आली. आम्ही तो घेतला.

निरोप घेतांना ती म्हणाली, "गुरुजी, मी त्याला कांहीं सांगणार नाहीं. सणाला तो येणार आहे. तुम्हीच या आणि सांगा."

सणाला अजून 19 दिवस आहेत.