आधी समीकरण बघा, मग पेन उचला

डोलवीत संध्याकाळी आमच्याकडे दहावीची काही मुले-मुली गणिताला बसतात. कुणाचे अब्बा कारखान्यात पाळीवर असतात, तर कुणाची अम्मी चौथीनंतर शाळेत गेलेली नाही. एकसामयिक समीकरणे सोडवण्याच्या पद्धती आम्ही त्यांना एकेक करून शिकवल्या: चलाचा लोप, आलेख आणि क्रेमरची निश्चयक पद्धत. सरावसंच अचूक सुटले. मग आम्ही पद्धतीचे नाव न सांगता उदाहरणे मिसळून दिली, तेव्हा सगळे थांबले. एका मुलीने विचारले, "सर, यात कुठली पद्धत वापरायची?"

चूक मुलांची नव्हती, आमची होती. आम्ही पद्धती शिकवल्या होत्या, निवड शिकवलीच नव्हती.

आता आम्ही आधी दोन मिनिटे फक्त बघायला सांगतो. २ किलो तांदूळ आणि १ किलो डाळीचे २२० रुपये, ३ किलो तांदूळ आणि २ किलो डाळीचे ३९० रुपये झाले. इथे डाळीचा सहगुणक १ आहे. म्हणून y = 220 − 2x दुसऱ्या समीकरणात ठेवा. तांदूळ ५० रुपये, डाळ १२० रुपये किलो.

3x + 4y = 36 आणि 5x − 4y = 28 यांत नुसती बेरीज केली की y जातो. x = 8, y = 3.

23x + 17y = 103 आणि 17x + 23y = 97 यांत सहगुणकांची अदलाबदल आहे. बेरजेतून x + y = 5, वजाबाकीतून x − y = 1. म्हणून x = 3, y = 2.

आकडे अडनिडे असतील तर क्रेमरची पद्धत बरी. मात्र निश्चयक शून्य आला तर एकच एक उकल मिळत नाही. रेषा एकमेकींना कुठे छेदतात हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर आलेख काढावा. प्रश्नात पद्धत सांगितली असेल, तर तीच वापरावी.

आधी प्रकार ओळखण्याची ही रीत जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी एका अज्ञाताच्या समीकरणांचे सहा प्रकार पाडले आणि प्रत्येकाची वेगळी कृती सांगितली. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरूनच 'अल्जेब्रा' हा शब्द आला. त्याच ग्रंथात वारसाच्या वाटणीचे हिशेबही आहेत.

आई-वडिलांनो, तुम्हाला बीजगणित येत नसले तरी मुलांजवळ बसा आणि दोनच प्रश्न विचारा: "हीच पद्धत का घेतलीस?" आणि "उत्तर दोन्ही समीकरणांत ठेवून पाहिलेस का?" त्या मुलीची अम्मी आता रोज हे विचारते. ती मुलगी मात्र आम्हाला पद्धत विचारत नाही. ती आधी समीकरणाकडे बघते.