अनामिकेचं काम
लेखमाला : हलका हात, भाग ६

मकर संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात नंदीध्वज निघतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात शहराच्या पंचक्रोशीत स्थापलेल्या ६८ लिंगांना तेव्हा तेलाचा अभिषेक होतो. सोलापूरकर त्याला यण्णीमज्जन म्हणतात. यण्णी म्हणजे कानडीत तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणाऱ्या या शहरात तेलाचं कौतुक तिन्ही भाषांत सारखंच. बाळंतिणीची पाठ, तान्ह्याच्या मांड्या, दिवाळीच्या पहाटे पोरांचे खांदे, सगळं कसं रगडून व्हायला हवं. जोर लावला नाही तर तेल अंगात जिरलं असं कुणाला वाटतच नाही.

पाठीला आणि पोटऱ्यांना तो जोर मानवतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा तोच हात त्याच जोरात डोळ्यांपाशी पोहोचतो.

पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. अंगावर इतरत्र एवढी पातळ कातडी क्वचितच सापडते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाही, तेल स्रवणाऱ्या ग्रंथी थोड्या, आणि लगेच डोळ्याभोवती कड्यासारखा फिरणारा स्नायू. मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपण डोळे मिटतो, ते याच स्नायूच्या बळावर. म्हणून ही कातडी सैल असावी लागते, आणि सैल असल्यामुळेच तिच्यात पाणी साचायला जागा होते. रात्री जेवणात मीठ जास्त झालं, झोप कमी पडली किंवा रडू आलं, की सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसतो तो यामुळे. रात्रभर आडवं राहिल्याने पाणी चेहऱ्याकडे उतरतं. उठून दोन-तीन तास हिंडलं-फिरलं की बरंचसं आपोआप ओसरतं.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात रोजच्या अभ्यंगाचा उपदेश आहे. नजर निर्मळ राहणं हा त्याचा एक लाभ सांगितला आहे, पण खास भर दिला आहे तो डोकं, कान आणि पायांवर. पापण्या चोळायचं तिथे काही म्हटलेलं नाही. ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे.

हलकेपणा म्हणजे नेमका किती, हे समजून घ्यायला सोलापुरात दूर जावं लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात टर्किश टॉवेलचा माग चालताना पाहावा. या मागावर ताणे दोन असतात. जमिनीचा ताणा घट्ट ओढलेला, तर दुसरा मुद्दाम ढिला सोडलेला. बाण्याचे दोन धागे फणी थोड्या अंतरावर अलीकडेच ठेवते. तिसरा धागा आला की तिन्ही मिळून पुढे ठोकले जातात. घट्ट ताण्यावरून ते सरकतात, ढिला ताणा मात्र वर उचलला जाऊन त्याची कडी होते. अशा हजारो कड्या म्हणजे टॉवेलची लव. पाणी शोषण्याचं काम या सुती कड्याच करतात, घासण्याची गरजच नसते. टॉवेल चेहऱ्यावर ठेवायचा, दोन क्षण थांबायचं, उचलायचा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : टिपणं. आपण मात्र तोंड टिपत नाही, खसाखसा पुसतो.

या पुसण्याची किंमत गव्हाळ आणि सावळ्या त्वचेला जास्त मोजावी लागते. सतत घर्षण झालं की त्वचेतलं रंगद्रव्य वाढतं आणि ती काळवंडते. जपानमध्ये १९८०च्या दशकात नायलॉनच्या टॉवेलने रोज अंग घासणाऱ्यांच्या हाडावरच्या त्वचेवर असे काळे पट्टे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांमागे आनुवंशिकता असते, पातळ कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, वयाने पडलेल्या खोलगट भागाची सावली असते. पण डोळे चोळायची सवय हे एक कारण असं आहे, जे पूर्णपणे आपल्या हातात आहे. ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांबाबत तर ही सवय आणखी गंभीर ठरते. सतत चोळण्याचा संबंध बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराशी आढळला आहे.

मग मालिश करायचीच कशाला? कारण योग्य रीतीने केली तर साचलेलं पाणी ती पुढे ढकलते. हे पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या कातडीच्या अगदी जवळून जातात. बाहेरच्या कोपऱ्याकडचं पाणी कानापुढच्या गाठींकडे जातं, नाकाकडचं जबड्याखालच्या गाठींकडे. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये राहून या वाहिन्यांसाठी अगदी हलक्या दाबाची मालिश विकसित केली आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली. जोर दिला की वाहिन्या दबतात, वाट बंद होते. स्नायू रगडायच्या मालिशीपेक्षा हिचं शास्त्रच उलटं आहे.

हात साबणाने धुवून करंगळीशेजारचं बोट घ्यावं. अनामिकेत तर्जनीइतका जोर नसतो, म्हणून या कामाला ती बरी. आधी मानेच्या दोन्ही बाजूंवरून खाली सावकाश हात फिरवावा, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. मग डोळ्याच्या खोबणीचं हाड चाचपावं. बोट त्या हाडावरच राहील, बुबुळावर कधीच नाही. नाकाच्या कडेपासून खालच्या हाडावरून कानशिलाकडे आणि तिथून कानापुढे खाली, असं पाच-सहा वेळा. भुवईखालून तसंच. कातडी बोटाबरोबर ओढली जाऊन सुरकुतली, तर दाब जास्त झाला असं समजावं. दोन मिनिटं पुरतात.

बोट सरकायला एक थेंब तेल दोन्ही डोळ्यांना पुरेसं आहे, आणि सोलापूर जिल्ह्याला ते परकं नाही. इथल्या ज्वारीच्या रानात करडई असतेच. बांधाकडेने लावली की तिच्या काट्यांमुळे जनावरं आत शिरत नाहीत. करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असतं, आणि त्वचेच्या बाहेरच्या थराला ओलावा धरून ठेवण्यासाठी तेच लागतं. मात्र हे तेल लवकर खवट होतं, तेव्हा लहान बाटली आणावी आणि वास बदलला की वापरू नये. लिंबाचा रस डोळ्यांखाली लावण्याचा उपाय आवर्जून टाळावा. त्याने दाह होतो, आणि दाह ओसरल्यावर काळेपणा आणखी वाढतो.

हात धुण्याबद्दल सोलापुरात वेगळं सांगायला हवं. इथे घरोघरी विडी वळणाऱ्या बायांची मोठी वस्ती आहे. शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदुताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार विडी कामगार महिलांची वसाहत उभी राहिली, तिची घरं २००६ मध्ये ताब्यात मिळाली. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे मांडीवरच्या सुपावरून हात उचलायला सवड नसते. तंबाखूची धूळ डोळ्यांत जाते, चुरचुरतं, आणि त्याच बोटांनी डोळा चोळला जातो. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही शोषलं जातं, मग पातळ पापणीतून किती सहज जात असेल! अशा हातांनी मालिश करू नये. साबण दोनदा लावावा, नखांखालून बोटं घासावीत आणि आधी नुसत्या गार पाण्याचे हबके मारावेत. माठातल्या पाण्यात भिजवलेली सुती पट्टी मिटल्या डोळ्यांवर पाच मिनिटं ठेवली तरी एप्रिल-मेच्या उन्हात आग कमी होते.

मालिशीने रंग उजळत नाही. आनुवंशिक काळेपणा तिने जात नाही, पापणीवरचे पिवळट डागही नाहीत. ते कोलेस्टेरॉलचे असू शकतात, म्हणून रक्त तपासावं. डोळ्यांखाली निस्तेज दिसत असेल तर खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहावा. तो फिका असेल तर तेलाआधी हिमोग्लोबिनकडे बघावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावू नये. बुबुळावर दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९०८ पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे. एकाच डोळ्याला लालसर, दुखरी सूज आली, किंवा रोज सकाळी चेहऱ्याबरोबर पायही सुजू लागले, तर बोटांचा काही उपयोग नाही. डॉक्टरांना दाखवावं, पायही सुजत असतील तर लघवीची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, आणि ती लवकर.

(पुढील भागात : काजळ, सुरमा आणि तान्ह्याचे डोळे)