नैसर्गिक तंतू-प्रबलित प्लॅस्टिकचे सँडविच फलक

नैसर्गिक तंतू-प्रबलित प्लॅस्टिकचे सँडविच फलक म्हणजे वनस्पतिजन्य तंतू व प्लॅस्टिक यांच्या संमिश्राचे दोन पातळ पृष्ठस्तर आणि त्यांच्यामध्ये चिकटविलेला जाड, हलका गाभा अशी रचना असलेले फलक होत. ताग, जवस, अंबाडी, घायपात व काथ्या हे यांत वापरले जाणारे प्रमुख तंतू आहेत. काचतंतूंच्या तुलनेत या तंतूंची बळकटी कमी असते. परंतु फलकाच्या रचनेमुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

रचना

पृष्ठस्तरातील तंतू भार पेलतात, तर पॉलिप्रोपिलीन, पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी यांसारखे प्लॅस्टिक त्यांना धरून ठेवते व एका तंतूवरील भार दुसऱ्याकडे पोहोचविते. गाभ्यासाठी फोम, बूच, बाल्सा लाकूड किंवा मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी कप्पे असलेला कागद वापरतात. दुसऱ्या महायुद्धातील ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाचे धड बाल्साच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवून बनविलेले होते. त्यामागील तत्त्व हेच होय.

तंतूंचे गुणधर्म

प्रचलित काचतंतूची घनता सुमारे २.५५ ग्रॅम प्रति घन सेंमी. व यंग गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल असतो. तागाची घनता सुमारे १.३ ते १.५ व यंग गुणांक साधारणपणे १० ते ३० गिगापास्कल असतो. काथ्याचा गुणांक केवळ ४ ते ६ गिगापास्कल असला, तरी तो तुटण्यापूर्वी पुष्कळ ताणला जातो. जवसाचा तंतू यांत सर्वांत दृढ तंतूंपैकी एक असून वजनाच्या प्रमाणात त्याची दृढता काचतंतूच्या जवळपास येते. जमीन, पाऊस, कापणीची वेळ व कुजवण्याची पद्धत यांनुसार हे आकडे बदलतात. म्हणून अभिकल्पात सरासरी मूल्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

नमन-दृढता

फलक वाकतो तेव्हा एक पृष्ठस्तर ताणला जातो, दुसरा दाबला जातो आणि गाभा मुख्यतः कर्तन-प्रतिबल पेलतो. आय-आकाराच्या तुळईत वरच्या व खालच्या पट्ट्यांचे आणि मधल्या उभ्या पत्र्याचे कार्य असेच असते. पृष्ठस्तर मध्यापासून जितके दूर, तितकी दृढता झपाट्याने वाढते. उदाहरणार्थ, २ मिमी. जाडीच्या सलग पत्र्याऐवजी तेवढ्याच द्रव्याचे प्रत्येकी १ मिमी.चे दोन स्तर १० मिमी. जाड गाभ्याच्या दोन्ही बाजूंना बसविले, तर गणिताने नमन-दृढता ९१ पट व नमन-सामर्थ्य सुमारे १५ पट होते. गाभा मऊ असेल किंवा आधारांमधील अंतर कमी असेल, तर गाभ्याच्या कर्तनामुळे प्रत्यक्ष लाभ यापेक्षा कमी मिळतो.

बिघाडाचे प्रकार

फलकाची बळकटी त्याच्या सर्वांत दुर्बळ घटकावर अवलंबून असते. बिघाडाचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे :
• ताणलेला पृष्ठस्तर तुटणे;
• दाबलेल्या पृष्ठस्तराला सुरकुत्या पडणे;
• गाभा कर्तनाने तडकणे;
• भाराच्या जागी गाभा चिरडणे;
• पृष्ठस्तर गाभ्यापासून सुटणे.

यांपैकी शेवटचा प्रकार विशेष घातक आहे, कारण स्तर सुटताच फलकाचे एकसंध कार्य थांबते व वर सांगितलेला लाभ नाहीसा होतो. गुणधर्म मोजण्यासाठी तीन-बिंदू व चार-बिंदू नमन चाचण्या, तसेच दाब, आघात व सोलून पाहण्याच्या चाचण्या घेतात.

ओलावा व उष्णता

सेल्युलोजमधील हायड्रॉक्सिल गट पाणी ओढून घेतात. त्यामुळे तंतू फुगतात, वाळताना आकसतात आणि प्लॅस्टिकवरील त्यांची पकड सैल होते. तंतूंवर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करणे, पॉलिप्रोपिलीनमध्ये मॅलेइक अॅनहायड्राइडयुक्त योजक मिसळणे व फलकाच्या कडा बंद करणे हे त्यावरील उपाय होत. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या वर तंतूंचा ऱ्हास होऊ लागतो. म्हणून सुमारे १६५ अंशांना वितळणारे पॉलिप्रोपिलीन सोयीचे ठरते. सततच्या भाराखाली हळूहळू वाढणारे विरूपणही विचारात घ्यावे लागते.

उपयोग व मर्यादा

वजनाने हलके व वाकण्यास दृढ असे हे फलक खोल्यांमधील आडभिंती, छताखालील आच्छादन, दारे, फर्निचर व वाहनांच्या अंतर्भागासाठी योग्य आहेत. सतत भिजणाऱ्या किंवा मुख्य भार पेलणाऱ्या जागी मात्र ओलावा-संरक्षण व दीर्घकालीन चाचण्यांशिवाय त्यांचा वापर करणे सुरक्षित नसते.